पावतीवर मलकानी

पावतीवर माझं नाव मलकानी.
मळकर्णेकर सांगितलं होतं, दोनदा, तोडून तोडून.
काउंटरवरचा फ्लॉयड मान हलवत लिहीत होता
आणि डोळे मोबाइलमधल्या फुटबॉलवर.
म्हटलं, जाऊ दे, लॅपटॉप तरी माझाच आहे.

माझा धंदाच मुळी नावांचा.
केप्यात रजिस्ट्रार कचेरीसमोर, झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत
पोर्तुगीज काळातले जन्मदाखले लावून वाचते
आणि टाइप करून देते.
लोक ते लिस्बनला पाठवतात.
अक्षर चुकलं तर वर्षभराने कागद परत.
म्हणून कुणाच्या पणजोबाच्या नावातला एस आहे की एफ
यावर मी भिंग धरून अर्धी सकाळ घालवते.

शिरवईकरांनी पहिल्या दिवशी झाकणावर नुसता तळहात ठेवला,
वैद्य नाडी बघतो तसा,
आणि म्हणाले, मदरबोर्ड.
चार दिवसांनी मदरबोर्ड न्हय, हार्ड डिस्क.
पार्ट बेळगावाहून येतलो.
मग पार्ट फोंड्यात अडकला.
मग फोंड्यातला माणूस फेस्ताला गेला.
दर वेळी शेवटी एकच शब्द,
खिशातल्या नाण्यासारखा झिजून गुळगुळीत झालेला:
बाय, फाल्यां.

आणि मी तिळामळच्या तिठ्यावर
भरल्याशिवाय न हलणाऱ्या बसमध्ये बसून
तो शब्द घरी न्यायचे.
खोलीच्या दारात माझी माणसं उभी असायची,
शिरव्हयची फिलोमेना, बाळ्ळीचा तो आखातातून आलेला मुलगा,
कागद जाले?
मी म्हणायचे, फाल्यां.
शिरवईकरांच्याच आवाजात. माझं मलाच ऐकू आलं.

अकराव्या दिवशी काउंटरवरून वाकून आत पाहिलं.
तिघांच्या खाली माझा, सर्वांवर चहाचा ग्लास.
भोवती मी बांधलेली निळी फीत,
तीच दुहेरी गाठ, माझ्या हातची,
जशीच्या तशी.
अकरा दिवस हे माझ्या मशीनचे आजार
गाठ न सोडता ओळखत होते.

बसमध्ये पाठ केलेलं सगळं ओठांवर आलं.
त्यांनी स्टूल पुढे केलं.
फ्लॉयडला चहाला पिटाळलं.
रागाचं असं आहे,
हातात कपबशी आली
की तो ठेवायला जागा उरत नाही.

मग माझ्यासमोरच उघडला.
मदरबोर्ड बरा. डिस्क बरी.
पंख्यात मुंग्यांनी घर केलं होतं,
पांढरी अंडी, दोन भाताची शितं.
ब्रश, फुंकर, चाळीस मिनिटं.
दोन हजार आठशे रुपये.
पार्टाचे? विचारलं नाही.

पडदा उजळला, इतकी हरखले
की घरी येऊन बोट ठेवीपर्यंत कळलं नाही:
वरच्या डाव्या कोपऱ्यात, एस्केपच्या खाली, खड्डा.
फोन केला.
फुंकरेत उडाली आसतली, म्हणाले,
पूण बाय, ती की कोणाक लागता?

सेबास्तियांवला लागते.
कॉन्सेसांवला. जुआंवला.
त्यांच्या ए-वर जी एक लहानशी लाट असते,
नाकातून म्हणायची खूण,
ती त्या खड्ड्यात राहत होती.
तिच्याशिवाय लिस्बनला तो माणूस
जन्मलेलाच नाही.

आता मी जुन्या फायली उघडते.
कुणाच्या तरी कधीच गेलेल्या आजोबाच्या नावातून
ए-सकट लाट उचलते
आणि दुसऱ्याच्या आजोबाला आणून लावते.
वेळ लागतो.
फिलोमेनाने परवा विचारलं, किती दीस?
जीभ उचललीच होती,
तेवढ्यात समोर खिळ्याला लावलेली ती पावती दिसली.
शुक्रवार, म्हटलं. दुपारी चार.
आणि तिच्यासमोरच भिंतीवरच्या कॅलेंडरात तिचं नाव लिहिलं,
अख्खं,
स्पेलिंग विचारून.