बदल

रेडिओवर बोलून झालं की 'बदल' म्हणायचं,
असा चिलोएच्या दक्षिणेकडचा रिवाज.
म्हणजे माझं संपलं, आता तू.
रोज संध्याकाळी सातला
सहा बेटं एकमेकांना तेच ते सांगतात
आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणतात, बदल.

दोन्या एदुविहिसच्या बियाण्याच्या बटाट्यांना मोड आले. बदल.
रेमिहिओची होडी अजून खडकावरच,
अमावस्येच्या उधाणाची वाट बघत. बदल.
तुझ्याकडे पाऊस? आहे. तुझ्याकडे?
आहेच की. बदल.

मी सॅमनच्या पिंजऱ्यांवरचा रात्रीचा राखणदार.
तरंगती खोली, एक खाट, एक स्टोव्ह,
आणि कंपनीचा रेडिओ.
वादळ आलं, जाळं फाटलं, तरच बोलायचं, असं बजावलेलं.
अकरा आठवडे जाळं फाटलं नाही.
अकरा आठवडे मी माईक हातात धरून,
अंगठा बटणापासून लांब ठेवून,
नुसता ऐकत बसलो,
दुसऱ्यांच्या ओसरीबाहेर अंधारात उभं राहावं तसा.

सात वाजून दहा मिनिटांनी मी चहाला उठायचो,
माईक घाईत खिळ्याला अडकवायचो.
तेवढ्यात तिकडेही सगळे गप्प.
मला वाटायचं, यांचीही चहाची वेळ असेल.

ऐकता ऐकता कळत गेलं.
नावेल्किनच्या धाकट्या सुनेचं हसू आधी येतं, बोलणं मागून.
रेमिहिओ होडीबद्दल बोलतो
तेव्हा बहुतेक गुडघ्याबद्दल बोलत असतो.
ओर्तेन्सिया तीन तऱ्हांनी 'बरं' म्हणते,
त्यातलं एकच बरं असतं.
महत्त्वाचं कुणी कुणाला विचारत नाही.
महत्त्वाचं असेल तेव्हा होडी काढून जातात.

मग एका मंगळवारी
ओर्तेन्सियाची काळी कोंबडी खुडूक झाली.
एकोणीस दिवस बसून आहे, म्हणाली,
अंडी काढून घेतली
तर दाराची पितळी मूठ उबवतेय.
रेमिहिओ म्हणाला, तिच्यावर टोपलं पालथं घाल.
एदुविहिस म्हणाली, रस्सा कर.
सून नुसतीच हसली, बोलणं आलंच नाही.

आणि मला माहीत होतं हो.
ओसोर्नोला आमच्या परसात आई काय करायची, ते
माझ्या हातांनाही माहीत होतं.
अंगठा खाली गेला.
आवाज निघाला तो घोगरा, न वापरलेल्या नळासारखा आधी नुसता खरखरला.
म्हटलं, जाळीच्या तळाचं खोकं घ्या, उंच टांगा,
तीन दिवस तिला त्यात ठेवा,
पोटाला गार वारा लागला की उतरतं.

सोडला अंगठा.
कुणी बोलेना.
फक्त खरखर, आणि खाली माशांची पाण्यावर चपचप.
माझे कान तापले.
नोकरी गेली, वाटलं. त्याहून वाईट म्हणजे
आता हे माझ्यासमोर बोलणार नाहीत.
मग सुचलं.
पुन्हा दाबून हळूच म्हटलं, बदल.

आणि फुटलेच सगळे एकदम.
किटली बोलली! अगं, किटली बोलली!

खिळ्यावर बटण दाबलं जायचं म्हणे.
रोज सात-दहाला माझी किटली
सहा बेटांवर शिट्टी घालायची,
कप, चमचा, एकदा शिंक,
एकदा मी आईला पत्र मोठ्यानं वाचत होतो ते
पहिल्या पानापर्यंत.
मध्ये कुणाला बोलताच यायचं नाही.
सगळे थांबायचे, माझा चहा होईपर्यंत.

सांगितलं का नाही मग, मी विचारलं. बदल.
लाजला असतास, एदुविहिस म्हणाली,
आणि मग आम्हाला कळलं कसं असतं
की तू उठलास, चहा केलास, ठीक आहेस?
पत्राच्या दुसऱ्या पानात काय होतं ते मात्र सांग. बदल.

कोंबडी चौथ्या दिवशी उतरली.
शनिवारी परत बसली, या वेळी रेमिहिओच्या बुटात.
बरं, म्हणाली ओर्तेन्सिया,
आणि कुठलं बरं, ते ओळखायचं मी.

खिळा अजून तिथेच आहे.
काढायचं राहून जातं.