बेसिनच्या खाली

पहिल्या तासाला मी वही उघडू देत नाही.
आधी पायांकडे बघते.
कोल्हापुरात उभं राहून पोरांना चप्पल नको म्हणणं
म्हणजे पाहुण्याला तांबडा रस्सा नको म्हणणं.
पण ॲसिडला चामड्याच्या करकरीचं कौतुक नाही,
ते पट्ट्यांमधल्या उघड्या बोटांवर थेट उतरतं.
सुभाषनगरचा विराज म्हणाला, "मॅडम, पप्पांनी शिवल्यात."
"म्हणूनच दाराबाहेर काढ. खराब होतील."
दुसऱ्या दिवशी भावाचे बूट घालून आला,
दोन नंबर मोठे. फरशीभर टपाटपा.

केस बांधा. ओढणी खोचा. चष्मा डोळ्यांवर, कपाळावर नाही.
पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही,
हे मी तीनदा सांगते, चौथ्यांदा दत्तूमामा
डावं मनगट वर करून.
डाग एक्क्याण्णव सालचा. बुधवार होता, हेही त्यांना आठवतं.
पाणी कुणी ओतलं ते मात्र सांगत नाहीत.

त्या आठवड्यात पाण्याचे नमुने मागवले होते.
पंचगंगेचं, रंकाळ्याचं, कोटीतीर्थाचं,
आणि एकानं जयंती नाल्याचं आणलं
पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी, तिच्यात बाटली.
ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट, थेंब थेंब,
पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं.
नाल्याला थेंब पुरेनात.
आकडे फळ्यावर आले. सगळे हळहळले.
कुणीतरी निबंधातलं एक वाक्यही म्हणून दाखवलं.
मग फ्लास्क घेऊन रांगेनं
बेसिनकडे निघाले.

मी ओरडणारच होते. त्याआधी तस्नीम झारेकरी
बेसिनला आडवी झाली.
"मॅडम, एक विचारतो. ह्यात चांदी हाय न्हवं?"
आहे.
"मग माझा आजा येडा होता काय?"

आजा गुजरीत पहाटे झाडायचा.
सराफांच्या पायरीखालची गटार खरवडून
गाळ घमेल्यात घोळत बसायचा, दिवस कलेपर्यंत.
गुंजभर हाती लागलं की त्या रात्री घरात मटण.
"त्यो गटारातनं काढायचा,
आनि आमी सायन्सची पोरं गटारात घालाय लागलोय."

माझ्या पर्समध्ये कचऱ्यावरचं चाळीस मिनिटांचं टिपण होतं.
ते तिथंच राहिलं.

बेसिनखालचं दार उघडलं, सगळ्यांना वाकायला लावलं.
हा पाइप इथून भिंतीत. भिंतीतून गटारीत.
गटार नाल्याला, नाला…
पुढचं कुणी बोललं नाही.
टेबलावर बाटली होती, विराजच्या अक्षरात:
पंचगंगा, सकाळी सात.

दत्तूमामांनी रिकाम्या बाटल्या दिल्या, तीनदा धुतलेल्या.
एकीवर लिहिलं: चांदी, क्रोमेट. ओतू नये. तारीख.
दुसरीत ब्युरेटमधलं उरलेलं, स्वच्छ.
फुटकी काच वेगळ्या खोक्यात,
कारण केराचा डबा शेवंताबाई उचलतात
आणि हातमोजे त्यांना कुणी दिलेले नाहीत.
(दिले. त्याच दुपारी. मला आधी सुचायला हवं होतं.)

पहिल्या बाटलीला न्यायला अजून कुणी येत नाही.
अर्ज तीनदा दिलाय. कपाट भरत चाललंय.
दुसरीत तांब्याची तार सोडली.
सकाळी तारेला चांदीची लव फुटली होती,
पाणी निळसर.
तस्नीम काचेला नाक लावून बघत राहिली.
"नाक मागं," मी म्हटलं.

गाळताना तिच्या बोटावर काळा डाग पडला,
हातमोजा टोकाला फाटका निघाला.
आठ-दहा दिवसांत जाईल, मी म्हटलं.
"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली.
मी तिला धड हातमोजा दिला
आणि अपघातांच्या वहीत लिहिलं:
वार, वेळ, नाव, कोणतं बोट, कारण.