एक एच

मुदत आज रात्री बारापर्यंत. पण रात्र हॅलिफॅक्सची,
म्हणजे इथं बडोद्यात उद्या सकाळचे साडेनऊ,
हे तिनं खिडकीपलीकडं बोटांवर मोजून दाखवलं.
मी म्हटलं, बेन, आमचं ऑफिस अकराला उघडतं.

देवियानी साकाराम. मॉरिशस. प्राणिशास्त्र, शेवटचं वर्ष.
तीन वर्षं विश्वामित्रीच्या काठी वही घेऊन बसली,
मगरी मोजत.
काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून जाताना पाहिलंय मी तिला,
डोक्याला ओढणी गुंडाळलेली, गुडघ्यावर दुर्बीण,
शेजारी शेंगांचा पुडा.
आमच्या बेटावर एकही मगर नाही, म्हणाली होती.
आता तिकडं बर्फात जाऊन नद्यांचं पुढचं शिकायचंय.
बर्फात मगर कुठली, हे मी विचारलं नाही.
कारणांचा वेगळा कागद असतो, दोन पानी.
तो तिनं सहा वेळा लिहिला,
सातव्यांदा लिहून मला दाखवला.
इंग्रजी अर्धंच कळलं.
जे कळलं, त्याला नदीचा वास होता.

घोटाळा नावाचा.
पासपोर्टात के आणि लगेच ए.
आमच्या गुणपत्रकात दोघांच्या मधे एक एच उभा.
कॅनडावाले विचारतात, ही दोन माणसं आहेत काय?

तो एच माझा.
प्रवेशाचा फॉर्म माझ्याच हाताखालून गेलेला.
साकाराम? वाटलं, पोरगी घाईत अक्षर विसरली.
माझ्या सख्ख्या मामाचं नाव, मला शिकवता?
घातला.
बरंही वाटलं, कुणाच्या शर्टाचं
चुकलेलं बटण लावून दिल्यासारखं.

"नाय काका, चूक नाय ती," आज म्हणाली.
"पणजोबांच्या बापाला बोटीतून उतरवून घेतलं
तेव्हा साहेबानं कानाला आलं तसं लिहिलं.
ऊस तोडला त्याच नावानं. जमीन घेतली त्याच नावानं."
मग जरा थांबून,
"बेगीन व्हईल काय?"

बेगीन.
दांडिया बाजारातल्या आमच्या घरात
आता 'लवकर'सुद्धा कमी, 'जल्दी कर ने' चालतं.
हा शब्द इतक्या लांब नेऊन
कुणी कसल्या बरणीत ठेवला होता?
आमचेही कुणी राजापूरकडूनच निघालेले,
गायकवाडांच्या पागेत चाकरीला.
कोण जाणे, एकाच पहाटे निघाले असतील.
एक घाट चढला, एक बोट चढला.

सहीला तीन जिने. साहेब जेवायला गेलेले.
चलन बँकेत, बँकेत लिंक नाही.
ती बाकावर बसून आईशी फोनवर क्रेओल बोलत होती,
मधेच एखादा मराठी आकडा यायचा, साडेनऊ,
पुन्हा साडेनऊ.
पाच वाजून दहाला नवा कागद निघाला, कोमट.
सखाराम गेला, साकाराम आला.
मी स्कॅन करून दिला,
आणि एक लाख लावलेलं पाकीटही, लागलंच तर.
पाया पडायला वाकली. म्हटलं, अगं चूक माझीच होती.

जुनी प्रत नियमाप्रमाणे माझ्याकडं.
तांबड्या शाईची तिरपी रेघ, 'रद्द', तारीख, सही.
फाइलला क्रमांक टाकला, कपाटाला किल्ली.
तो एच आता बडोद्यातच राहील.

दुसऱ्या दिवशी स्कूटर जरा लवकरच काढली.
साडेनऊ पुलावर वाजले.
लोक कठड्यावरून वाकून बोटं दाखवत होते,
एक, दोन, ती बघ तिसरी.
मीही थांबलो. मला मोजता येत नाही.
जिला दगड समजून सोडली,
तीच हलली.