रकाना

सुरुवात स्वतःपासून करा, म्हणाली लीसबेत,
तार्तूहून, पडद्यातून, नातीच्या वयाची मास्तरीण.
दर सोमवारी सात वाजता, आठ आठवडे,
निम्मे वाचायचे, निम्मे लिहायचे.
मी भरलं: मायमू, जन्म त्रेचाळीस, सारेमा बेट,
सव्वीस वर्षं बस चालवली, कुरेसारे ते लेइसी आणि परत.
पुढचा रकाना अपत्यांचा.
मी चहा ठेवायला उठले.

मेलेल्यांचं त्या मानानं सोपं.
पाद्र्याची वही, जुनी जर्मन लिपी,
वादळात कललेल्या कुंपणासारखी अक्षरं.
त्यात ई आणि एन जुळे भाऊ,
यू तेवढा ओळखू यावा म्हणून
त्याच्या डोक्यावर इवलीशी कोर.
दोन आठवडे मी एका बाईला ल्न्न्न म्हणत होते.
आपलंच रक्त, आणि तोंडात मावेना!
तिसऱ्या सोमवारी लीसबेतनं बाण नेऊन टेकवला:
लेन.
लेन, मी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हटलं.
दीडपावणेदोनशे वर्षांनी कुणीतरी तिला हाक मारली असेल,
आणि तीही फ्रीजसमोर उभं राहून.

लेन, मोलकरीण, काडाका शेतघर.
आडनाव कोरं करकरीत, जहागिरीच्या कारकुनानं
एका दुपारी गावभर वाटलेलं, गणवेश वाटावेत तसं.
मुलगा मिह्केल, फेब्रुवारी अठराशे चौतीस.
बापाच्या जागी आडवी रेघ,
टाक जरा जास्तच दाबून ओढलेली.

पाचव्या आठवड्यापासून लिहिणं.
मी लिहिलं: त्या रात्री बर्फ पडत होता,
लेन भिंतीकडे तोंड करून रडली.
समासात लाल अक्षरं: कशावरून?
बर्फ खोडला. फेब्रुवारी ठेवला.
रडणं खोडलं.
तिचं प्रेम असेल त्याच्यावर. कशावरून?
नसेल. कशावरून?
शेवटी पानावर काटे तेवढे उरले:
एका मोलकरणीला मुलगा झाला. पाद्र्यानं रेघ ओढली.
याला लीसबेतनं शाबासकी दिली,
आणि खाली लिहिलं,
माहीत नाही ते लिहू नका. माहीत आहे ते गाळू नका.

जुन्या नकाशावर काडाका सापडलं.
माझ्या मार्गावरचा थांबा.
कुणी चढत नसे, उतरत नसे,
पण वेळापत्रकात होता म्हणून मी ब्रेक दाबायचे,
दार उघडायचे,
गार वारा आत यायचा,
दार लावायचे.

काल कपाटातून आर्वेदचा जन्मदाखला काढला.
एकोणीसशे पासष्ट, सोव्हिएत शिक्का,
बापाच्या जागी टाइपरायटरची रेघ.
पाद्र्याच्या रेघेपेक्षा सरळ.
त्याला मी सांगितलं होतं: खलाशी होता, बुडाला.
कशावरून, असं त्यानं कधीच विचारलं नाही.
लहान होता, मग मोठा झाला,
मग टाम्पेरेला वेल्डर झाला,
आणि बुडालेला माणूस बुडालेलाच राहिला.

खलाशी नव्हता तो. बुडालाही नाही.
डेपोत हिशेब तपासायचा.
हातमोजे एकात एक खोचून खिशात ठेवायचा.
एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये गेला,
आणि मातीला निघालेल्या लोकांची बस
त्या दिवशी माझ्याच पाळीला आली.
आरशात त्याची बायको दिसत होती.
मी खड्डे चुकवत राहिले, एवढंच.

आज रविवार. उद्या शेवटचा तास.
रकान्यात नाव टाइप केलं. साडेसात मिनिटं लागली.
शेजारी विचारलंय: पुरावा?
लिहिलं: मी.
एका अक्षराचा पुरावा लीसबेतला चालतो का,
ठाऊक नाही.
पाठवायचं बटण हिरवं झालं.
मी ते दाबलं नाही. आधी फोन लावला.

आई? एवढ्या रात्री? बरी आहेस ना?

बरी आहे रे, म्हटलं.
गृहपाठ अडलाय माझा.
वेळ आहे का तुला थोडा?