दाराचे खडे

चांदोलीच्या सड्यावर थंडी उतरते
ती आधी दगडात, मग माणसात.
पहाटे साडेपाचला पत्र्याच्या पेट्या तपासायच्या,
एकूण साठ, दर दहा पावलांना एक,
आणि पहिल्या अकरा रिकाम्या.
बमू झोरे पेटी कानाशी धरून हलवतो,
नारळ बघावा तशी.
"न्हाय," म्हणतो. पुढची. "न्हाय."
शेंगदाण्याचा कूट नि गूळ
मुंग्यांनीच नेलेला.

बारावीत कुणीतरी आहे.
कापडी पिशवीत उतरवून काट्याला टांगलं: अठरा ग्रॅम.
पाच रुपयांची जुनी, जाड नाणी दोन, बस्स.
त्यात काळीज, दात, मिश्या,
आणि अख्खी रात्र पळून आल्याची धाप.
पाठीचे केस उलट्या बोटाला टोचतात,
पोटावर मात्र साय धरलेली.
कानाला आमची खूण: चौदा नंबर.
तिसऱ्यांदा आलाय.
बमूला नंबर मान्य नाही.
"फुकटखाऊ," म्हणतो, "वहीत त्येच लिवा."

सोडला की हा सरळ घर गाठत नाही.
एका दगडाआड थांबतो, दुसऱ्याआड थांबतो,
आपण पाहतोय हे त्याला ठाऊक असतं.
वर घार, गवतात घोणस,
कारवीच्या फांदीवर फांदीच झालेला चापडा.
एवढ्या सगळ्यांच्या पोटांमधून वाट काढत
त्याला एका बीपर्यंत जायचं असतं
आणि परत यायचं असतं.

झाडावरचे त्याचे भाऊबंद आमच्या पेटीत कधी आले नाहीत.
एकच दिसला होता, टॉर्चच्या कडेला,
शेपटीचा वेढा काडीला घालून
शांतपणे कारवीचं बोंड सोलत.
गेल्या साली कारवी फुलली, सात वर्षांनी.
पुढे उन्हात बोंडं फुटायला लागली
तेव्हा सगळा उतार तडतडत होता, लाह्या भाजल्यासारखा.
बी इतकं, की उंदीर माजले,
उंदरांमागून घुबडं आली,
घुबडांची पिल्लंही त्या साली गुबगुबीत.
आता कारवी वाळून उभी आहे.
पुन्हा सहा वर्षं ज्यानं त्यानं जपून.

चौदाचं बीळ जुन्या वस्तीच्या जोत्याखाली.
तोंड लिंबाएवढं,
आणि तोंडाशी खडे.
दिवसा आत गेला की तो दार लावतो,
एकेक खडा दातांत धरून, ओढून, बसवून.
मी चिमट्यानं मोजले: एक्केचाळीस.
जांभा, जांभा, गार, जांभा,
आणि एक सदऱ्याचं बटण, चार भोकांचं,
एका भोकात अजून दोरा.

बमू वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.
ही वस्ती त्याची. हे जोतंही, बहुतेक.
खाली माळावर आता त्याला पत्र्याचं घर आहे,
गट नंबर आहे, नळाची वाट बघणं आहे.
मला वाटलं, काहीतरी बोलेल.
"दाराचं हाय त्ये," एवढंच म्हणाला.
"जसंच्या तसं ठेवा."

ठेवलं. एक्केचाळीस खडे आणि बटण,
आठवून आठवून, जमेल तसं.
वहीत लिहिलं: प्रवेशद्वार, खडे, सरासरी सहा मिलिमीटर.
बटणाला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी दार नव्यानं लावलेलं.
आमचे खडे सगळे बाहेर फेकलेले, हातभर लांब,
आणि त्यांच्यात बटण.
आत नवे खडे, दव लागलेले,
रातोरात आणलेले, कुणास ठाऊक किती खेपा.
मी खजील होऊन उभी.
बमू मात्र हसायला लागला,
खोकला येईपर्यंत हसला.
"हाताचा वास लागला न्हवं आपल्या!
कोन ठेवंल घरात?"

बटण त्यानं उचललं, फुंकर मारली,
बंडीच्या खिशात टाकलं.
मग पुढची पेटी कानाशी धरून हलवली.
"न्हाय."