जास्तवाले, कमीवाले

ग्रोनिंगनच्या त्या शाळेत जानेवारीत पाचलाच अंधारायचं.
व्यायामशाळेत खुर्च्या मांडायचं काम माझं,
प्रोजेक्टर माझा, ठिपक्यांच्या काचपट्ट्या माझ्या,
आणि नाणंही माझंच, पंचवीस सेंटचं,
राणीचा गाल घासून गुळगुळीत झालेलं.

पडद्यावर ठिपके. अर्धा सेकंद.
मुलं अंदाज लिहायची. साठ. एकशेदहा.
एकाने ऐंशी लिहून खोडलं, पुन्हा ऐंशीच लिहिलं.
ते कागद मी गोळा करायचे, शेजारच्या खोलीत न्यायचे
आणि न वाचता टोपलीत टाकायचे.
मग नाणं उडवायचे.

राणी वर आली : तू जास्त मोजणारा.
आकडा वर आला : तू कमी मोजणारा.
बस्स.
त्यात ना अक्कल, ना कूळ, ना कुणाचा देव.

हिद्दे बुइस्मा, तेरा वर्षांचा,
कानाच्या पाळ्या थंडीने लाल.
त्याच्यापुढे मी तक्ता ठेवला :
तुमच्यातल्या एकाला ज्येष्ठमधाच्या एकोणीस गोळ्या, त्यांच्यातल्या एकाला पंचवीस;
की तुमच्यातल्याला सात, त्यांच्यातल्याला एक?
नावं नव्हती, नुसते क्रमांक.
त्याला स्वतःला यातली एकही मिळणार नव्हती.
पेन्सिलीचं बूड चावत तो बराच वेळ बसला
आणि सात-एकभोवती गोल काढला.
बारा गोळ्यांवर पाणी सोडलं पोरानं,
का, तर त्यांच्या पदरात कमी पडावं.

त्या ‘त्यां’मध्ये येल्मर होता.
येल्मर, जो रोज हिद्देच्या सायकलवर
मागे कॅरिअरवर बसून यायचा.

आणि त्या संध्याकाळीही
सायकल दोघांना घेऊनच गेली, कालव्याच्या कडेने,
येल्मरचे पाय लोंबकळत.
हे मी मुद्दाम लिहिते आहे
कारण प्राध्यापक टेर हारांनी ते नोंदवू दिलं नाही.
तक्त्यात तसा रकाना नाही, म्हणाले.

वसंतात खुलाशाची पत्रं गेली, चौसष्ट पाकिटं.
प्रिय अमुक, तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं.
हिद्देचं परत आलं. घर बदललं होतं त्यांनी.
मी ते खणात ठेवलं, वीजबिलांखाली.

अडतीस वर्षांनी, मंगळवारच्या बाजारात,
मासळीच्या गाडीवर
एका माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल दिसल्या.
अर्धा किलो कोळंबी, मी म्हटलं.
त्याने ओंजळ भरली, काटा खाली गेला,
वर आणखी एक मूठ टाकली.
“राहू द्या,” तो हसला, “माझा हात जड आहे.
शाळेत असताना विद्यापीठाची माणसं आली होती,
तपासून सांगितलंय त्यांनी, मी जास्तवाला.”

मागे फळ्या धुणाऱ्या बायकोने मान हलवली,
ही गोष्ट तिने किती वेळा ऐकली असेल.
सोबत कुणी येल्मर दिसला नाही.
विचारायचा धीर झाला नाही.

सांगू का त्याला?
की तुझ्या ह्या सगळ्या उदारपणाच्या मुळाशी
माझ्या अंगठ्याची एक टिचकी आहे?
पिशवी घेतली. पैसे दिले. आभार मानले.

एक राहिलंच.
पहिल्या मुलाआधी, नाणं नीट उडतंय का बघायला,
मी एकदा स्वतःसाठी उडवलं होतं.
आकडा.
कुणाला सांगितलं नाही, कशाला सांगायचं,
पण त्यानंतर मीठ टाकताना, पाहुणे मोजताना,
दर वेळी हात जरासा आखडतो.
आणि हिद्दे ती वरची मूठ टाकत होता तेव्हा
मनात आलं ते शब्द असे होते :
हे जास्तवाले ना, सगळे मेले उधळे.

पाकीट अजून खणातच आहे.
मंगळवारी मी त्याच गाडीवर जाते.
चौकाच्या पलीकडे दुसरी गाडी आहे, तोच मासा, तोच भाव.
तिथल्या रांगेकडे बघताना हल्ली मला वाटतं,
यांना मासळीतलं काय कळतंय.