अब्बास शीडवाल्याच्या नावे

रुवीच्या टायपिंग सेंटरात मी दिवसभर
लोकांच्या जन्मतारखा बडवतो.
ज्याला आपली ठाऊक नाही, त्याच्या पासपोर्टात एक जानेवारी.
निम्मा कॅम्प एकाच दिवशी जन्मलेला,
आणि त्या दिवशी केक कुणीच कापत नाही.

आमच्या आजाला एक जून मिळाला होता.
दाभोळच्या शाळेत पावशे गुरुजींनी
पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का पाहिलं,
पोचला,
आणि दाखल्यात लिहिलं: कमालुद्दीन अब्बास, एक जून, जन्मगाव दाभोळ.

खोटं आहे ते, आजा म्हणायचा.
मी मत्र्यात झालो, दर्याच्या त्या अंगाला.
आई सांगायची, खजूर उतरून झाला होता
आणि दाई बलुची होती, हाताची गरम.
फुफू हसायची: म्हातारा आता मस्कतचा शेख झाला!
रेशनकार्डावर एक वय, मतदारयादीत दुसरं,
हजच्या अर्जावर तिसरं,
कबरीच्या दगडावर पुन्हा गुरुजींचाच जून.

मत्र्याला, सूकच्या मागच्या गल्लीत, वल्लभजींचं दुकान.
बाप शिडं शिवायचा ते ह्यांच्याच गलबतांची, एवढं आजानं सांगितलेलं.
आता तिथं लोबान, टोप्या, फ्रीजला चिकटवायचे उंट.
माळ्यावर बिस्किटांच्या डब्यांत लाल कापडाच्या वह्या,
वाळवीनं कडेकडेनं खाल्लेल्या, जेवण आवडलं नसावं तशा.
नातू प्रागजी म्हणाला, शुक्रवारी ये,
आणि काही नाही मिळालं तर माझ्यावर रुसू नको.

चार शुक्रवार नुसता तांदूळ.
तांदूळ, काथ्या, मंगळुरी कौलं, पुन्हा तांदूळ.
गुजराती अक्षरं, डोक्यावर रेघ नाही,
टोपी विसरून उन्हात आलेल्या माणसांसारखी.
पाचव्या शुक्रवारी प्रागजीचं बोट थांबलं.

संवत एकोणीसशे एकोणनव्वद, भादरवो वद तेरस.
अब्बास शीडवाळाने त्यां दीकरो.
दायीने रुपिया बे. गोळ शेर एक.

मी त्याला तीनदा वाचायला लावलं.
दीकरो. एवढंच.
मांडलेलं उधार बाजूला, आपण जिला नावे म्हणतो.
पोराला अजून नाव नव्हतं
तरी तो नावे पडलेला होता,
दोन रुपये आणि शेरभर गूळ इतका.

मोबाईलवरचं पंचांग मी उलटं फिरवत नेलं.
तेहेतीस सालचा सप्टेंबर, सतरा.
एक दिवस इकडेतिकडे, प्रागजी म्हणाला, तिथीचं काय सांगावं.
पण खजूर उतरून झालेला असतो तेव्हा.
दाईचा हात गरम होता की नव्हता,
ते वहीत नाही.

फिटलेल्या रकमेवर आडवी रेघ मारायची त्यांची पद्धत.
पुढची पानं चाळली, मग मागची, मग दुसरी वही.
ह्या ओळीवर रेघ नव्हती.
मी खिशात हात घातला.
गप बस, काहवा पी, प्रागजी म्हणाला,
आणि माझ्या कपात वेलदोडा जरा जास्तच पडला.

फुफूला फोटो पाठवला.
वाचता येईना तिला, म्हणून सांगितलं मी सगळं.
बराच वेळ लाईनवर नुसता पंखा.
मग म्हणाली, गूळ कुणी खाल्ला असेल रे?

शनिवारी काउंटरवर सिल्हेटचा एक माणूस.
पासपोर्टात एक जानेवारी छापलेला,
मी तो तसाच बडवला.
मग विचारलं, तुमची अम्मा काय सांगायची?
शेतात पाणी होतं, की भात कापून झालेला?
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
हातातली पिशवी खाली ठेवली.
रांग दरवाज्याबाहेर गेलेली होती.